उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या?

माझ्या आजाराचं नाव डॉक्टरांनी नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच कॉटवर होते आणि पूर्ण शुद्धीत होते. 'सेरेब्रल व्हीनस सायनस थ्रोम्बोसिस.' नितीनने ते नाव दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून नुसती मान हलवली.

मग डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आणि तिथून रक्त परत आणणाऱ्या वेगळ्या. माझ्या परत आणणाऱ्या मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली होती. रक्ताला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून डोक्यातला दाब वाढला, डाव्या बाजूला सूज आली आणि थोडा रक्तस्रावही झाला. "हा स्ट्रोकच आहे, पण नेहमीच्या प्रकारातला नाही. हा तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो," ते म्हणाले. मी चौतीस वर्षांची आहे. कुणीतरी तरुण म्हटल्याचं त्याही अवस्थेत बरं वाटलं.

"यांना कुठली औषधं चालू होती का? बीपी, शुगर, गर्भनिरोधक गोळ्या, काहीही?"

"काहीच नाही, सर," नितीन म्हणाला. "ही साधी तापाची गोळीसुद्धा घेत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर नुसता "त... त..." असा आवाज आला. उजवा हात उचलून खूण करावी म्हटलं, तर तो हात माझं ऐकेना.

मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. आणि त्यातलं एक अख्खं पाकीट माझ्या धाकट्या बहिणीला, आशूला दिलं होतं. तो रविवार होता. आशूचं लग्न पुढच्या रविवारी होतं आणि बुधवारी सकाळी ती पहिली गोळी घेणार होती.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरात असं काही चाललं असेल तर तुम्हाला ओळखता येईल.

आम्ही मूळचे बीडकडचे. माहेर आता शहरात, काळेवाडीत, आणि मी लग्नानंतर जवळच रहाटणीत. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं, तिथे मी तपासणीला आहे. चौदा वर्षं भाड्याने काढल्यावर आम्ही स्वतःचा वन बीएचके घेतला. वास्तुशांतीला भटजींनी जो बुधवार काढून दिला, नेमकी त्याच दिवशी माझी तारीख येत होती. मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. "ताई, लांबवायच्या ना?" एवढंच विचारलं आणि पाकिटं काउंटरवर ठेवली.

या गोळ्यांना आम्ही बायका औषध समजतच नाही. औषध आजारावर घेतात, आणि पाळी काही आजार नव्हे. त्यामुळे नवऱ्याला सांगायचा प्रश्नच येत नाही. आईला तर मुळीच सांगायचं नव्हतं, कारण तिच्या मते या गोळ्या म्हणजे देवाला फसवणं. कंपनीत आमच्या लाइनवर मात्र मी या विषयातली तज्ज्ञ होते. माझ्या पर्समध्ये एखादं पाकीट कायम असायचं. गौरी, नवरात्र, नाहीतर कुणाच्या गावची जत्रा आली की बायका हळूच माझ्याकडे यायच्या. कधीपासून घ्यायच्या, दिवसातून किती, हे मी अगदी डिग्री असल्यासारखं सांगायचे. एकदा दुर्गा नावाच्या एका मुलीने गोळ्या संपल्यावर पोटरी दुखते, सुजलीय अशी तक्रार केली होती. दिवसभर उभं राहिल्यावर दुखणारच, खोबरेल तेल लाव, असं मी तिला सांगितलं होतं.

आशूचं तर साधंच होतं. हॉल त्याच रविवारी रिकामा होता, म्हणून तिने आईला "माझी तारीख लांब आहे" असं ठोकून दिलं. नंतर माझ्याकडे आली. ताईकडे गोळी असते, हे तिला माहीत होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी आम्ही दोघं होमासमोर उपाशी बसलो. मी पाणीही प्यायले नाही. एरवीही मी पाणी कमीच प्यायचे. लाइनवरून उठायचं तर आपल्या जागी दुसरी बाई यावी लागते, तिची वाट बघण्यापेक्षा पाणीच पिऊ नये, ही आमची सगळ्यांची युक्ती.

त्याच संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. आडवं झालं की जास्त, बसलं की थोडं कमी. सकाळी उठताना सर्वात वाईट. शुक्रवारी उलट्या झाल्या. प्रत्येकाकडे निदान तयार होतं. नितीन म्हणाला ऍसिडिटी. शेजारीण म्हणाली होमाचा धूर. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मी स्वतः चष्म्याचा नंबर वाढला असं ठरवून टाकलं, कारण मला सगळं जरा धूसर दिसत होतं. चार दिवस डोकं दुखतंय, उलट्या होतायत, दिसत नाही आणि मी चष्म्याच्या दुकानाची वेळ बघतेय! आजही स्वतःचा राग येतो.

रविवारी सकाळी कणीक मळताना उजवा हात परातीतच थांबला. पुढचं मला आठवत नाही. फिट आली होती, असं नितीनने नंतर सांगितलं. जाग आली ती हॉस्पिटलमध्ये, एमआरआय होऊन गेल्यावर.

सोमवारी एका गोष्टीवरून नितीन आणि डॉक्टरांची जवळजवळ भांडणाची वेळ आली. मला हेपारिन सुरू करायचं होतं. हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, ते पोटावर देतात. "मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणता आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?" नितीनचा आवाज चढला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रक्तस्राव झालाय तो गुठळीमुळे. गुठळी तशीच ठेवली तर तो वाढेल. धोका आहे, पण न देण्यात जास्त आहे." नितीनने सही केली. तुमच्यावर ही वेळ आली तर हा प्रश्न जरूर विचारा, आणि मग डॉक्टरांचं ऐका.

माझ्या बोलण्याचं जे झालं होतं त्याला 'अफेजिया' म्हणतात. समोरचा काय बोलतोय ते कळतं, काय बोलायचंय तेही डोक्यात असतं, पण शब्द बाहेर पडत नाही. लिहिताही येत नाही. नितीनने डाव्या हातात पेन दिलं, मी नुसत्या रेघा ओढल्या.

दुपारी आई आली, एकटीच. आशूला तिने घरी ठेवलं होतं. "नवऱ्या पोरीनं दवाखान्याची पायरी चढू नाही," असं ती नर्सला सांगत होती. म्हणजे आशू लग्नापर्यंत इकडे फिरकणार नव्हती. माझ्याकडे आईशिवाय दुसरा रस्ता उरला नाही.

मी टेबलावरच्या गोळ्यांकडे डावा हात केला. आई म्हणाली, "झाली की बाई तुझी गोळी. आता सांजच्याला हाय म्हनल्यात."

मी मान जोरात हलवली. स्वतःच्या मोकळ्या गळ्याशी, जिथे एरवी मंगळसूत्र असतं तिथे, हात नेला. लग्न, आशू, काहीतरी कळेल तिला. तर ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "नितीन बरा हाय गं. तुझ्या कुंकवाला काय बी झालं न्हाई. तू कशाला घोर लावून घेऊ लालीस?"

मी पुन्हा "त... त..." केलं. तिने मला पाणी पाजलं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. सोमवार निम्मा संपला होता.

मंगळवारी सकाळी राउंडनंतर एक तरुण डॉक्टर मॅडम परत आल्या. त्यांनी नितीनला औषधं आणायला खाली पाठवलं, पडदा ओढला, माझा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी विचारते. हो असेल तर हात दाबा. घरी काही कार्यक्रम होता?"

मी दाबला.

"पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती?"

मी इतका जोरात दाबला की त्या "अगं, अगं" म्हणाल्या. सणासुदीच्या पाठोपाठ अशा बायका आमच्याकडे येतात, असं त्या पुढे बोलल्या. बहुतेक जणींना या गोळीने काही होत नाही. पण काहींच्या रक्तात गोठण्याचा कल जन्मापासूनच जास्त असतो. त्यात गोळी, त्यात उपास, त्यात पाणी नाही. सगळं एकत्र आलं की असं होतं. त्यासाठी एक जीनची तपासणी पाठवू, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात सोडला नाही. त्यांनी हळूच सोडवून घेतला. मी त्यांच्या ऍप्रनचं टोक पकडलं. "घाबरू नका हं," त्या म्हणाल्या, "आता ती गोळी बंद. तुम्ही आता सुरक्षित आहात."

मी सुरक्षित होते हो! प्रश्न माझा नव्हताच.

नितीन वर आला, त्याला त्यांनी सगळं सांगितलं. आईलाही कळलं. ती पुटपुटली, "देवानंच दावलं." कारण सापडलं म्हणून सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. आशूचा विचार कुणाच्या मनातही आला नाही, कारण आईच्या लेखी आशूची तारीख लांब होती आणि नितीनच्या लेखी तारीख नावाचा प्रकारच नव्हता.

बुधवारी सकाळी भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. आशूचा नाश्ता आठला असतो. पहिली गोळी नाश्त्यानंतर घे, असं मीच तिला सांगितलं होतं. आठ वाजून गेले, नऊ वाजले. डोळ्यातून पाणी येत होतं आणि नर्स ते पुसत होती. तिला वाटलं, डोकं दुखतंय.

दुपारचं जेवण आलं. म्हणजे दुसरी गोळी.

साडेचारला भेटायची वेळ सुरू झाली आणि सुषमा आली. माझ्या शेजारच्या टेबलवर तपासणी करते. पहिली शिफ्ट संपवून, बसमधून उतरून, युनिफॉर्मवरच आली होती. नितीनने तिला गोळीचं सांगितलं. सुषमाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

आमच्या कामाचा एक नियम आहे. एक खराब कनेक्टर सापडला की तो बाजूला टाकून मोकळं व्हायचं नसतं. तो कुठल्या खोक्यातून आला आणि त्या खोक्यातला उरलेला माल कुठे गेला, ते आधी शोधायचं. तोपर्यंत एकही नग पुढे सोडायचा नाही. याला 'लॉट होल्ड' म्हणतात. रोज इतक्या वेळा करतो की आता ते आमच्या अंगातच मुरलंय.

"बाकीच्या कुठंयत?" सुषमाने विचारलं.

"बाकीच्या काय?" नितीन म्हणाला.

"गोळ्या, दादा. ही कधी एक पाकीट आणत नाही. घरी किती उरल्यात?"

"घरी काही दिसलं नाही. पर्सही बघितली मी काल."

"मग कुणाला तरी दिल्यात हिने." ती माझ्या तोंडाजवळ वाकली. "सवे, बघ माझ्याकडं. दिल्यास ना कुणाला?"

मी तिचा हात दाबला.

"लाइनवर?" मी हात सैल सोडला. "शेजारी? नणंद?" ती थांबली. तिलाही लग्नाची पत्रिका आली होती. "आशू?"

मी दाबला, सोडला, पुन्हा दाबला, तोंडातून कसला तरी आवाज काढला. सुषमाने नितीनच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आशू, सुषमाताई बोलतेय. ताईनं दिलेल्या गोळ्या सुरू केल्यास का?"

पलीकडून दबक्या आवाजात, "दोन घेतल्या. तिसरी जेवल्यावर घेणार होते. आईला सांगू नका ना."

"आई हितंच उभी हाय," आई म्हणाली. ती दारात कधी येऊन थांबली होती ते आम्हाला कळलंच नाही. "फेकून दे त्या. आन् उठ, हिकडं ये दवाखान्यात."

आशू आली. डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं, डोकेदुखी, पायाची सूज, धाप, सगळं विचारलं. काही नव्हतं. दोन गोळ्यांवर थांबली, हे बरं झालं, असं त्या म्हणाल्या. तिचंही रक्त तपासणीला गेलं. माझ्या कॉटजवळ उभी राहून ती हमसून हमसून रडली. हातावर मेंदीचा कोन चालवून बघितलेला एक ठिपका होता. मला हसू आलं आणि तोंड एकाच बाजूने हसलं.

आशूची पाळी शनिवारी आली, हळदीच्या सकाळी. हे मला नंतर कळलं. तिने आईला सांगितलं. आई उठली आणि थेट आशूच्या सासूबाईंकडे गेली. त्यांना म्हणाली, "माझ्या पोरीला आलीय. थोरली पोरगी ही लपवायच्या पायी दवाखान्यात पडलीय. मी लपविनार न्हाई. चालत नसंल तर आत्ताच बोला." सासूबाई सांगवीच्या, जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "चालतंय. बसवा पाटावर."

ज्या आईने आम्हाला त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नाही, तिने स्वतः हळदीचं बोट आशूच्या गालाला लावलं.

रविवारी नितीनने मला व्हिडिओ कॉल लावून दिला. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. आशू कॅमेऱ्यात आली, ओठ पार सुकलेले. नवरी म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी तोंड उघडलं. गेला आठवडाभर मी बोलायला शिकवणाऱ्या ताईंबरोबर अ-आ करत होते आणि एकही शब्द धड निघाला नव्हता.

"पाणी," मी म्हणाले. मग जोर लावून, "पी."

आशू तिथेच, मामाच्या हातातली बाटली घेऊन, मुंडावळ्या बाजूला करत पाणी प्यायली. सगळं मला दिसेल असं.

जीनचा रिपोर्ट लग्नानंतर आला. 'फॅक्टर फाइव्ह लीडन.' रक्त गोठवण्याच्या कामात जे घटक असतात त्यांना फॅक्टर म्हणतात, हा त्यातला पाचवा. काम झालं की शरीर त्याला थांबवतं. आमच्यातला हा फॅक्टर जरा वेगळा घडलेला आहे, तो सांगितल्यावर लवकर थांबत नाही. आई किंवा वडील, कुणा एकाकडून येतो, आणि पुढे मुलांत जाण्याची शक्यता निम्मी. माझ्यात आहे. आशूतही आहे. आईची तपासणी केली, तिच्यात नाही. आमचे वडील, अण्णा, मी नववीत असताना गेले. पाय सुजला होता, मग एक दिवस छातीत कळ आणि धाप. गावात लोक करणी म्हणाले होते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता खात्रीने सांगता येणार नाही. पण असू शकतं." मला तेवढं पुरलं. कुणावर तरी वीस वर्षं घेतलेला संशय मी मनातून काढून टाकला.

हा फॅक्टर असलेली बरीच माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. फक्त आपल्याला तो आहे हे माहीत पाहिजे. आशूने सासरी स्वतः सांगितलं. उद्या तिला दिवस गेले तर डॉक्टर आधीपासून लक्ष ठेवतील, लागली तर इंजेक्शनं देतील. मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. ठरावीक दिवसांनी 'आयएनआर' करते, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायची तपासणी. पालेभाजीने त्या गोळीचा असर बदलतो, म्हणून ती एकदम जास्त नाही, एकदम बंदही नाही. बोलणं बरंचसं परत आलं. घाईत असले की अजून शब्द अडकतो, उजव्या हाताची पकड कमी आहे. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

डॉक्टरांचे उपकार आहेतच. त्या मॅडमनी पडदा ओढून तो एक प्रश्न विचारला नसता तर काय, याचा मला विचार करवत नाही. सुषमाचे आभार मानले तर ती शिव्या देते, म्हणून मानत नाही. रोज तिच्या बाटलीतलं पाणी पिते. आता आमच्या टेबलवर प्रत्येकीची बाटली असते, आणि उठायचं असेल तर सरळ हात वर करतो.

कामावर परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सुषमाने वही उघडली. "चल. लॉट होल्ड. आजवर कुणाकुणाला दिल्यास?" आठवून आठवून आम्ही नऊ नावं काढली. एकेकीला गाठलं. घरात कुणाला गुठळी, कमी वयात स्ट्रोक, वारंवार गर्भपात झालेत का, विचारलं. पुन्हा या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, असं सांगितलं. दोघी माझ्यावर रागावल्या. ते बरोबरच होतं.

आठ जणी सापडल्या. नववी दुर्गा. ती दिवाळीला काम सोडून गावी गेली. लग्न ठरलंय, असं कुणीतरी म्हणालं. तिचा नंबर लागत नाही. कंपनीत दिलेल्या पत्त्यावरची खोली आता दुसऱ्या कुणाची आहे.

दुर्गा, हे कुठून तुझ्यापर्यंत पोचलं तर वाच. तुझी पोटरी दुखत होती, सुजली होती, तेव्हा मी तुला खोबरेल तेल लावायला सांगितलं. ते चुकलं माझं. लग्नासाठी गोळी घेऊ नकोस. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना त्या सुजेचं आधी सांग. आणि मला फोन कर. माझा नंबर तोच आहे.